रूथसाठी वेगळं पान: वेल्श माणसांच्या मराठी चरित्रांचं काम, नोंदी जानेवारी ते जून

१४ जानेवारी, आबेरिस्टविथ, वेल्स
आजपासून काम सुरू झालं असं धरते. ठरलंय ते असं: वेल्समधल्या दहा माणसांची छोटी चरित्रं मराठीत लिहायची, प्रत्येकी साधारण सातशे शब्द, आणि प्रत्येकाचं रेकॉर्डिंग करून साताऱ्याला मावशीकडे पाठवायचं. तिच्याकडे दर गुरुवारी दुपारी आठ-दहा बायका जमतात आणि कोणीतरी काहीतरी वाचून दाखवतं, त्यातल्या तिघींचे डोळे आता साथ देत नाहीत म्हणून ऑडिओ हवाच असं ती म्हणाली.

माणसं निवडताना राजे, सरदार, मंत्री बाजूला ठेवले. कवी, प्रवचनकार, गाणारे, वाजवणारे, शाळा चालवणारे, आणि शक्यतो सगळे गावाकडचे. आत्ताची यादी: ग्रिफिथ जोन्स, विल्यम विल्यम्स पँटअकेलिन, ॲन ग्रिफिथ्स, जॉन ह्यूज, ख्रिसमस इव्हान्स, क्रानोग्वेन, इव्हान रॉबर्ट्स, हेध विन, बॉब ताइर वेलिन, नॅन्सी रिचर्ड्स. दहा झाले.

१९ जानेवारी
आख्खा रविवार नावांत गेला पण मजा आली. वेल्श नावं इंग्रजी उच्चाराने मराठीत लिहायची नाहीत हे पक्कं केलं. दोन एल एकत्र येतात तो आवाज म्हणजे जीभ ल च्या जागी ठेवून बाजूने हवा सोडायची, इंग्रजीत त्याला अक्षर नाही, पण आपल्याकडे ल्ह आहे ना! अगदी तोच नाही, पण कोल्हा म्हणताना जिभेला जी सवय आहे तिथून तो आवाज दोन पावलांवर आहे. म्हणून ल्हान. ल्हान म्हणजे चर्च आणि त्याभोवतीची वस्ती, वेल्समधल्या कितीतरी गावांची नावं त्यानेच सुरू होतात. र्‍ह तर सरळसरळ आहेच. एकटा एफ म्हणजे व. डब्ल्यू बरेचदा ऊ, म्हणून दरीला कूम.

शिवाय वेल्शमध्ये शब्दाचं पहिलं अक्षर बदलतं. चॅपेल, म्हणजे साधं प्रार्थनाघर, त्याला कापेल, पण जुनं चॅपेल म्हटलं की हेन गापेल. वेल्शच्या क्लासमध्ये सगळे यावर वैतागतात. मला फार नवल नाही वाटलं, कारण आपण घोडा म्हणतो आणि मग घोड्याला म्हणतो, विहीर म्हणतो आणि विहिरीत म्हणतो. आपलं शेपूट बदलतं, त्यांचं डोकं बदलतं, एवढंच.

२ फेब्रुवारी
ग्रिफिथ जोन्स पूर्ण, ७४० शब्द. ल्हानधाउरोर गावचा रेक्टर, म्हणजे चर्चचा पाद्री, जन्म १६८४, मृत्यू १७६१. याने १७३१ च्या सुमारास फिरत्या शाळा काढल्या. एका गावात तीन महिने वर्ग चालायचा, मग मास्तर पुढच्या गावाला. वर्ग हिवाळ्यात, कारण तेव्हा शेतीची कामं कमी. मुलं दिवसा आणि मोठी माणसं रात्री, दिवसभर राबून आलेले गडी आणि मोलकरणी. शिकवायचं काय, तर फक्त वाचायला, तेही वेल्शमधून, बायबल आणि प्रश्नोत्तरी समोर ठेवून. तो गेला तोवर तीन हजारांहून जास्त वर्ग झाले होते आणि दीड लाखाच्या आसपास लोकांची नावं लागली होती, सगळ्या वेल्सची लोकसंख्या तेव्हा पाच लाखांच्या आतबाहेर. रशियाच्या कॅथरीन राणीने या शाळांची माहिती मागवली होती.

त्याच्या मागे हे सगळं चालवलं ब्रिजेट बेव्हन या बाईंनी, १७७९ मध्ये वारल्या तोपर्यंत. शाळांसाठी पैसे ठेवून गेल्या पण नातेवाइकांनी मृत्युपत्रावर दावा लावला आणि तो पैसा कोर्टात पंचवीस-तीस वर्षं अडकून पडला. शाळा बंद. हे लिहिताना फार वाईट वाटलं. मॅडम बेव्हन यादीत का नाहीत असा प्रश्न तिथेच पडला होता, कडेला पेन्सिलने लिहून ठेवला.

३ फेब्रुवारी
पँटअकेलिनचा कच्चा ड्राफ्ट. १७१७ ते १७९१. डॉक्टर व्हायचं म्हणून शिकत होता, टालगार्थच्या चर्चच्या आवारात हॉवेल हॅरिसचं प्रवचन ऐकलं आणि सगळं सोडलं. ९०० च्या आसपास भक्तिगीतं. आयुष्यभर घोड्यावर फिरला, सोबत स्वतःची पुस्तकं विकायला आणि चहाची पुडकीसुद्धा. मला हा चहा विकणारा कवी फार जवळचा वाटला. पँटअकेलिन हे त्याच्या शेताचं नाव, आईच्या माहेरचं. अर्थ होलीच्या झाडांचा खळगा. माणूस त्याच नावाने ओळखला जातो, विल्यम विल्यम्स एकटं म्हटलं तर कोणालाच कळत नाही. आपल्याकडे असता तर पँटअकेलिनकर झाला असता.

११ फेब्रुवारी
मोठी चूक सापडली. जॉन ह्यूजच्या पानावर मी लिहिलं होतं की हा पाँट्रॉबर्टचा विणकर, मास्तर आणि प्रवचनकार, आणि कूम र्‍होंडा ही जगभर गायली जाणारी चाल त्याचीच. रविवारी शेजारच्या आजींना दाखवलं. आजी इथल्याच, मळ्यावर वाढलेल्या, चॅपेलमध्ये पन्नास वर्षं आल्टो, म्हणजे बायकांच्या आवाजातली खालची पट्टी, गातायत. त्यांनी माझं बोट धरून वाक्यावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हे दोन वेगळे आहेत गं पोरी."

खरंच. पाँट्रॉबर्टचा जॉन ह्यूज १७७५ ते १८५४. कूम र्‍होंडाची चाल १९०७ ची, ती बांधणारा जॉन ह्यूज १८७३ ला जन्मला, दक्षिणेत डाउलेसला, आणि पुढे पाँटप्रीधजवळ राहिला. आणि कालोन लान या गाण्याची चाल तिसऱ्या जॉन ह्यूजची, तो १८७२ चा. आडनावं इतकी थोडी की शाळेच्या एका वर्गात चार जोन्स आणि तीन इव्हान्स बसायचे, म्हणून मग माणसाला मळ्याचं, धंद्याचं, गावाचं नाव चिकटतं नाहीतर तो स्वतः काव्यनाम घेतो. आता फाइलमध्ये प्रत्येक नावापुढे गाव आणि दोन्ही सालं लिहिल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम केला. पाँट्रॉबर्टच्या ह्यूजचं पान परत पहिल्यापासून.

२५ फेब्रुवारी
ॲन ग्रिफिथ्स. हिच्यावर सगळ्यात जास्त वेळ जाणार हे माहीत होतंच.

मध्य वेल्समधलं ल्हानविहांगेल-अंग-न्ग्विंवा, डोंगराळ, पावसाचं गाव, तिथला डोलवार वाख नावाचा मळा. जन्म १७७६. बाप कुळाने शेत कसणारा, स्वतः ओळी जुळवणारा. आई गेली १७९४ ला, घर अठरा वर्षांच्या ॲनच्या अंगावर पडलं. नाचगाण्याची भारी हौस. मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक बाला गावच्या मोठ्या सभेला पायी निघाले की म्हणे ती हसायची, हे बघा निघाले मक्केच्या यात्रेला. मग १७९६ मध्ये ल्हानवल्हिनला बेंजामिन जोन्स नावाच्या प्रवचनकाराला ऐकलं आणि आतून ढवळून निघाली. पुढे स्वतःच ती वीसेक मैलांची वाट तुडवत बेर्विनच्या डोंगरावरून बालाला जायला लागली, तिथल्या थॉमस चार्ल्स या मेथडिस्ट धर्मगुरूच्या हातून प्रभुभोजन घ्यायला. सूत काततानासुद्धा बायबल पुढ्यात उघडं असायचं असं सांगतात.

१८०४ च्या ऑक्टोबरमध्ये लग्न. १८०५ च्या जुलैमध्ये मुलगी झाली, ती दोनेक आठवडेच जगली. ॲन त्यानंतर थोड्याच दिवसांत गेली, १२ ऑगस्टला तिला पुरलं. वय एकोणतीस. मागे राहिली सत्तरच्या वर कडवी, आणि वेल्श भाषेतल्या उत्तम धार्मिक कवितेत ती आज पहिल्या रांगेत धरली जातात.

हे सगळं मावशीला पाठवलं. रात्री तिचा फोन. ती म्हणाली, "अगं सगळं छान आहे, पण तू लिहिलंयस की तिने ही गाणी लिहून ठेवली. बाळंतपणात गेली, कातता कातता गाणी सुचायची, मग लिहिली कधी? आणि कशावर?"

मी पुस्तकं परत उघडली. मावशीचं बरोबर. तिच्या हातचा म्हणून आज एकच कागद आहे, एलिझाबेथ इव्हान्सला लिहिलेलं पत्र, त्याच्या शेवटी एक कडवं. एवढंच. तो कागद इथेच वर टेकडीवर नॅशनल लायब्ररीत आहे, मी राहते तिथून चालत वीस मिनिटांवर. बाकीची गाणी कागदावर आली ती रूथमुळे.

रूथ इव्हान्स. डोलवारची मोलकरीण. त्या एलिझाबेथची बहीण. ॲनला कडवं सुचलं की ती रूथला म्हणून दाखवायची आणि रूथ म्हणायला लागायची, दोघी मिळून. रूथला लिहिता येत नव्हतं. तिने पाठ केलं. ॲन जिवंत असताना कोणी त्याची नोंद घेतली नाही, ॲन गेली, आणि तेव्हा ती सत्तर-ऐंशी कडवी फक्त एका बाईच्या डोक्यात होती. रूथचं लग्न त्याच १८०५ साली जॉन ह्यूजशी झालं, म्हणजे पाँट्रॉबर्टच्या त्या विणकर मास्तराशी. ती सांगत गेली आणि तो वह्यांत उतरवत गेला. १८०६ मध्ये थॉमस चार्ल्सने ती छापून काढली.

माझ्या ड्राफ्टमध्ये रूथ एका ओळीत होती. "मोलकरणीच्या आठवणीवरून गाणी वाचली." नावसुद्धा घातलं नव्हतं मी.

२६ फेब्रुवारी
काही लिहिलं नाही. यादी काढून बसले. दहाचे अकरा करायचे, रूथला वेगळं पान.

९ मार्च
पाँट्रॉबर्टला जाऊन आले. आजी सोबत होत्या, गाडी मी चालवली, माखन्लेथवरून वर, मग मालूइडच्या पुढे रस्ता अरुंद होत जातो आणि दोन्ही बाजूंना कुंपणाची झुडपं इतकी जवळ की आरसे मिटून घ्यावेत असं वाटतं. लोकरीवर निळे-लाल पट्टे मारलेल्या मेंढ्या, नुकतीच कोकरं झालेली, आणि पाऊस काही जोराचा नाही पण थांबतही नाही.

हेन गापेल जॉन ह्यूज, म्हणजे जॉन ह्यूजचं जुनं चॅपेल, १८०० सालचं. दगडी, बुटकं, एखाद्या गोठ्याइतकं साधं, आणि त्याला लागूनच एकाच छपराखाली त्यांचं घर. मधे पडून गेलं होतं, नंतर लोकांनी पैसे जमवून दुरुस्त केलं. रूथ इथे राहिली. मी भिंतीजवळ उभी राहिले आणि पहिल्यांदा ते जागेत बसलं डोक्यात: भिंतीच्या पलीकडे तो उपदेश करायचा, अलीकडे ती स्वयंपाक करायची, आणि त्याच्या वहीतल्या ओळी तिच्या तोंडून आलेल्या होत्या.

आजी आत जाऊन बाकावर बसल्या आणि कोणी नाही असं बघून ॲनचं एक कडवं म्हणायला लागल्या, नवल, नवल देवदूतांना अशा अर्थाने सुरू होतं ते. हळू, एकाच सुरात. वेल्शमध्ये शब्द आहे र्‍हवेध, विचित्र आणि अद्भुत दोन्ही. मी इतके दिवस आश्चर्य, अद्भुत, विलक्षण असे शब्द लावून बघत होते आणि एकही बसत नव्हता. तिथे ऐकता ऐकता नवल आला. आपल्या अभंगांतला शब्द, वजनाला हलका. गाडीत बसल्या बसल्या फोनवर टिपून ठेवला.

येताना ल्हानविहांगेलच्या चर्चपाशी थांबलो, ॲनचं स्मारक तिथे आहे. डोलवार वाखला गेलो नाही. तो आजही चालता मळा आहे, लोक राहतात, कोकरांचे दिवस, त्यांना त्रास कशाला.

१६ मार्च
रूथचं पान, पहिला प्रयत्न. अवघड आहे कारण खात्रीने सांगता येईल असं फार थोडं. कुठे काम करायची, कोणाची बहीण, कोणाशी आणि कधी लग्न, तिने काय जपलं. ॲनचं आयुष्य १८४६ मध्ये जॉन ह्यूजने स्वतः लिहून छापलं आणि त्यातल्याही कितीतरी गोष्टी रूथने पाहिलेल्या असणार, एका घरात राहिलेली ना ती. मी कल्पनेने काही भरलं नाही. ती कशी दिसायची, काय विचार करायची, हे लिहायचा मोह झाला होता, एक परिच्छेद लिहिलाही, मग काढून टाकला. २९० शब्द झाले. पान छोटं राहू दे.

एक गोष्ट मात्र मोठी करून लिहिली. पाठांतर म्हणजे नुसती साठवण नव्हे. कडव्याची मात्रा कुठे मोडली तर गाणाऱ्याला लगेच कळतं, सूरच सांगतो की इथे शब्द चुकला, त्यामुळे रूथ गात होती म्हणून गाणी शाबूत राहिली. उलट छापताना शिकलेल्या मंडळींनी भाषा जागोजागी नीट करून घेतली, आणि अभ्यासकांना आज खरं रूप बघायला परत त्या वह्यांकडेच जावं लागतं. म्हणजे रूथच्या तोंडाकडेच.

२३ मार्च
ॲनच्या एका प्रसिद्ध गीतात ख्रिस्त झुडपांमध्ये उभा दिसतो. ती झुडपं म्हणजे मर्टल, जखऱ्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातलं चित्र आहे ते. मराठीत काय म्हणायचं? विलायती मेंदी असं नाव आहे पण गाण्याच्या अर्थात विलायती शब्द आला की सगळं बिघडतं. नुसतं मेंदी ठेवलं. मावशी म्हणाली मेंदीचं कुंपण आमच्या शाळेला होतं, त्यात उभं असलेलं माणूस अर्धंच दिसायचं. मला तेच हवं होतं, अर्धं दिसणारं.

३० मार्च
ख्रिसमस इव्हान्स, क्रानोग्वेन, दोन्ही ड्राफ्ट झाले. ख्रिसमस इव्हान्स १७६६ च्या नाताळला जन्मला म्हणून ते नाव, मोठा होईपर्यंत अक्षरओळख नव्हती, मारामारीत एक डोळा गेला, आणि तरी अँगलसी बेटावर आणि पुढे सगळ्या वेल्समध्ये लोक त्याला ऐकायला मैलोन्‌मैल यायचे. हे पान थोडं कोरडं झालंय. प्रवचन कागदावर आलं की त्यातला आवाज जातो, त्यावर मला अजून उपाय सापडलेला नाही.

क्रानोग्वेन उलट भराभर झालं. सारा जेन रीस, १८३९ ते १९१६, ल्हानग्रानोग या समुद्रकाठच्या गावची, जहाजाच्या कप्तानाची मुलगी. शिवणकाम नको म्हणाली आणि बापाबरोबर समुद्रावर गेली, नौकानयन शिकली, मग गावात परत येऊन तरण्या खलाशांना तेच शिकवलं. १८६५ मध्ये आबेरिस्टविथच्या राष्ट्रीय आयस्तेध्वोदमध्ये, म्हणजे कविता-गाण्यांच्या स्पर्धांच्या मोठ्या उत्सवात, लग्नाची अंगठी या विषयावरच्या कवितेला बक्षीस मिळालं, त्या स्पर्धेत तेव्हाचे नावाजलेले पुरुष कवी होते. पुढे बायकांचं मासिक दहाएक वर्षं चालवलं. तिचा पुतळा तिच्याच गावात २०२३ ला उभा राहिला. आजी म्हणाल्या उशीर झाला पण झाला.

१३ एप्रिल
हेध विन. गेले तीन रविवार याच्यातच.

खरं नाव एलिस हम्फ्री इव्हान्स, जन्म १८८७, ट्राउसवनिधजवळच्या अर अस्गूर्न मळ्यावरचा मेंढपाळ. हेध विन म्हणजे शुभ्र शांती. शाळा थोडीच, कविता बापाकडून आणि चॅपेलमधून. १९१७ मध्ये सक्तीची भरती, घरातून एकाला जावं लागणार, धाकट्याच्या ऐवजी हा गेला. वसंतात नांगरणीसाठी काही आठवडे सुट्टी मिळाली तेव्हा घरी बसून स्पर्धेची लांब कविता पुढे नेली, फ्रान्समधून ती पोस्टाने पाठवली. ३१ जुलै १९१७ ला बेल्जियममध्ये पिल्केमच्या चढावर मारला गेला. सहा सप्टेंबरला बर्कनहेडच्या आयस्तेध्वोदमध्ये विजेत्याचं टोपणनाव तीनदा पुकारलं, कोणी उठलं नाही. मग सांगण्यात आलं की कवी लढाईत गेला. विजेत्याला बक्षीस म्हणून द्यायच्या खुर्चीवर काळं कापड घातलं. ती ओक लाकडाची खुर्ची कोरली होती बेल्जियममधून पळून आलेल्या एका निर्वासित कारागिराने, युजीन व्हानफ्लेटरेनने. बेल्जियममध्ये मेलेल्याची खुर्ची बेल्जियमच्या माणसाने कोरलेली. मावशीने हा भाग दोनदा वाचून दाखवायला सांगितला.

इथे मला कंघानेध, म्हणजे वेल्श कवितेची व्यंजनांची बांधणी, समजावून सांगावं लागलं, कारण खुर्ची त्या बांधणीतल्या कवितेलाच मिळते. ओळीचे दोन भाग, आणि पहिल्या भागात व्यंजनं ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने दुसऱ्यात यायला हवीत, स्वर वेगळे चालतात. हा त्यातला एक प्रकार, आणखी आहेत. नुसतं सांगून कोणाला कळणार नाही म्हणून मराठीत एक ओळ जुळवायला घेतली, दोन संध्याकाळी गेल्या, शेवटी ही आली:

नदीकाठी, नाद कोठे?

न द क ठ, न द क ठ. वेल्श पंडित आघाताचे अजून नियम लावतील, पण कानाला काय होतं ते कळतं. आणि हे मेंढ्यांमागे फिरताना डोक्यातल्या डोक्यात शेकडो ओळी करणारी माणसं होती, आजही आहेत. डिक जोन्स म्हणून शेतकरी कवी होता, २००९ मध्ये गेला, त्याला १९६६ ची खुर्ची मिळाली ती सुगीवरच्या कवितेला.

पण मला लिहायचं होतं ते जेराल्ड विल्यम्सबद्दल. हेध विनचा भाचा. मामा गेला त्यानंतर कितीतरी वर्षांनी जन्मलेला, अर अस्गूर्नवरच वाढला आणि आयुष्यभर तिथेच शेती केली. घरच्यांनी सांगून ठेवलं होतं की येणाऱ्याला दार उघडं ठेवायचं, ते त्याने ठेवलं. गमबूट घालून गोठ्यातून यायचा, खुर्च्या दाखवायचा, गोष्ट सांगायचा, परत कामाला जायचा. २०१२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय उद्यानाने मळा विकत घेतला, आता नीट संग्रहालय आहे. जेराल्ड २०२१ मध्ये गेले. त्यांच्यासाठी हेध विनच्या पानावर शेवटचे दोनशे शब्द दिले. रूथनंतर मला अशी माणसं सगळीकडे दिसायला लागलीयत.

२० एप्रिल
रेकॉर्डिंग बिघडलं. माइकवर पंख्यासारखा आवाज, चार पानं परत वाचायची. रात्री अकरानंतर वाचते, तेव्हा रस्ता शांत असतो.

४ मे
इव्हान रॉबर्ट्स. हे पान आपल्याकडे येऊन थांबणार हे मला सुरुवातीला माहीत नव्हतं.

१८७८ चा, लखूर गावचा, लहानपणीच खाणीत कामाला लागलेला. ३१ ऑक्टोबर १९०४ ला गावच्या मोरिया चॅपेलमध्ये तरुणांची सभा घेतली आणि तिथून महिन्याभरात दक्षिण वेल्स पेटल्यासारखं झालं. सभा रात्री दोन-तीनपर्यंत, ठरलेलं प्रवचन नाही, कोणीही उठून प्रार्थना करायचं, गाणं सुरू करायचं. खाणकामगार शिफ्टवरून थेट यायचे. रॉबर्ट्स स्वतः दीड-दोन वर्षांत पार थकून बाजूला झाला आणि पुढे १९५१ पर्यंत बराचसा शांतच राहिला.

ही बातमी मिशनच्या पत्रांतून आपल्या देशात आली. आधी खासी डोंगरात, कारण तिथे वेल्श मिशन १८४१ पासून होतं. तिथला पहिला वेल्श मिशनरी थॉमस जोन्स हा पाँट्रॉबर्टच्या शेजारच्या परगण्यात जन्मलेला, सुताराचा मुलगा. त्याने खासी भाषा रोमन लिपीत बसवली ती वेल्श वळणाने, पुढे एका बड्या व्यापाऱ्याच्या जुलमाविरुद्ध उभा राहिला, मिशननेही त्याला दूर केलं, आणि १८४९ मध्ये कलकत्त्यात वारला. खासी लोक त्यांचं री खासी हे गीत आजही वेल्सच्या राष्ट्रगीताच्या चालीवर गातात. ती चाल १८५६ ची, पाँटप्रीधच्या जेम्स जेम्सची, शब्द त्याच्या विणकर बापाचे.

आणि दुसरीकडे केडगाव. पंडिता रमाबाईंनी मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या जानेवारीत बायकांचे प्रार्थनेचे गट सुरू केले, वेल्समध्ये काय चाललंय ते त्यांच्या कानावर येत होतंच, आणि त्याच जूनमध्ये तिथे तसंच घडलं, शेकडो मुली-बायका रडत, मोठ्याने प्रार्थना करत. मावशी म्हणाली, "केडगाव? आपलं दौंडजवळचं?" पुण्याहून सोलापूरच्या गाडीत बसलं की ते स्टेशन लागतं, ती शंभरदा गेलीय त्यावरून. ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीची आजी मुक्तीत राहिलेली निघाली. तिने काय सांगितलं ते इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. पण मावशीला सांगितलंय की वही घेऊन बस तिच्यापुढे, लवकर.

१८ मे
बॉब ताइर वेलिन झालं. १८७० ते १९५१, बालाजवळचा शेतकरी, पिठाची गिरणी चालवणारा, आणि सत्तरी ओलांडल्यावर रेडिओवरच्या नोसॉन लावेन कार्यक्रमाने सगळ्या वेल्सला माहीत झालेला. त्याच कंपूतला ल्हुइड ओर ब्रिन, तोही शेतकरी. गाणी, कविता, चॅपेल, गावच्या स्पर्धा, या सगळ्याला मिळून तो नुसतं अ पेथे म्हणायचा, म्हणजे त्या गोष्टी, आणि तो शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे.

नॅन्सी रिचर्ड्स, १८८८ ते १९७९, पेनअबाँटवाउर, म्हणजे परत ॲनचाच मुलूख. तिहेरी हार्प वाजवायची. तारांच्या तीन रांगा, बाहेरच्या दोन एकाच सुरावळीच्या, कोमल-तीव्र स्वर मधल्या रांगेत, तिथे बाहेरच्या तारांमधून बोट आत घालून पोचावं लागतं, आणि वाद्य टेकवायचं डाव्या खांद्यावर. हे वाजवणारे फार थोडे उरले होते. तिने जिप्सी घराण्यांच्या वादकांकडून उचललं आणि पुढच्या पोरांना दिलं, म्हणून ती परंपरा तुटली नाही.

आजींनी प्लगाइनबद्दलही सांगितलं. या भागात नाताळच्या दिवसांत पहाटे, आता बहुतेक संध्याकाळी, चर्चमध्ये घराण्याघराण्यांचे गट येतात, कोणी नाव पुकारत नाही, एक गट उठतो, पुढे जाऊन वाद्याशिवाय कॅरोल, म्हणजे नाताळचं गीत, गातो, बसतो, मग दुसरा उठतो. एकदा गायलेलं कॅरोल त्या रात्री परत कोणी गायचं नाही. घराण्याच्या वह्या असतात, आजोबांच्या हातच्या. डिसेंबरमध्ये मला नेणार म्हणाल्यात. मॅडम बेव्हन यांचं बारावं पान त्याच्या आधी व्हायला हवं.

८ जून
अकरा पानं पूर्ण, अकरा रेकॉर्डिंग पोचली. ख्रिसमस इव्हान्सचं अजून पटलेलं नाही, जुलैत परत वाचेन.

रूथचं पान मी वाचलं नाही. ते मावशीला म्हटलं तू वाच. तिने गुरुवारी वाचलं आणि फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. मागे पंखा, कुकरची शिट्टी, कोणीतरी मधेच "कुठली गं ही?" असं विचारतंय. आणि २९० शब्द संपल्यावर मावशी थांबली तर एका बाईंनी जात्यावरची ओवी म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या सासूची, कुठेही लिहिलेली नाही. तिसऱ्या ओळीला अडकल्या, परत पहिल्यापासून घेतली, आणि पूर्ण केली. फाइल तशीच ठेवलीय, काहीही न कापता. नावात तारीख घातली आणि दुसरी प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर टाकली.